जानेवारीतली मॅच

मला सोडायला अण्णा विमानतळापर्यंत आलेच नाहीत. वाटेत ठाण्यात, माजिवड्यालाच उतरले.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. दुपारी तीनला डोंबिवलीहून भाड्याची जीप निघाली, कल्याण, भिवंडी करत माजिवड्याच्या नाक्यावर आली, आणि पुढच्या सीटवरून अण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "इथे जरा बाजूला घ्या." मला वाटलं, चहा घ्यायचाय. तर ते खाली उतरले, शर्ट नीट खोचला आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पाचला मुलींची प्रॅक्टिस आहे. मी नसलो की एकही पळत नाही, नुसत्या गप्पा मारत बसतात."

माझी धाकटी बहीण मंजू भडकली. "अहो अण्णा, मुलगी अमेरिकेला चाललीय!"

"मला माहीत नाही का?" ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "नीला, पोचलीस की तिथल्या टीमचं कळव." बस्स. एवढं बोलून त्यांनी रिक्षाला हात केला आणि नौपाड्याच्या दिशेने गेले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी विमानतळापर्यंत रडत गेले, दुःखाने कमी आणि रागाने जास्त. बाप आहे की कोण आहे हा माणूस, असं तोंडाने म्हणालेसुद्धा, आणि माझा नवरा सुहास खिडकीबाहेर बघत राहिला.

अण्णा कोलशेतला एका रंगाच्या कारखान्यात फिटर होते. उंची पाच फूट चार इंच, आणि वेड बास्केटबॉलचं. हसा, सगळे हसायचे. नौपाड्यात एका शाळेच्या मागे सिमेंटचं कोर्ट होतं, तिथे ते रोज संध्याकाळी मुलींना शिकवायचे, फुकट. मीही तिथलीच. "समोरचीच्या डोळ्यांत बघू नकोस, कमरेकडे बघ. डोळे फसवतात, कंबर फसवत नाही," हे वाक्य मी घरात आणि कोर्टावर मिळून हजारदा तरी ऐकलं असेल. आई मी अकरावीत असताना गेली. त्यानंतर नौपाड्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही डोंबिवलीला ब्लॉक घेतला. अण्णांना तर डोंबिवलीच परदेश वाटायची. म्हणायचे, "पाणी वेगळं, हवा वेगळी, आणि एक कोर्ट नाही गावात." कोर्टासाठी ते रोज ठाण्याला जायचे, नोकरी संपल्यावरही.

मी जिथे येऊन पडले ते शहर लहानही नव्हतं आणि मोठंही नव्हतं. थंडी मात्र जीव खाणारी. सुहास सकाळी लॅबमध्ये जायचा, मी खिडकीशी. आमच्या बिल्डिंगमध्ये दिवसभर कोणाचं दार वाजायचं नाही, कुकरची शिट्टी व्हायची नाही, कोणी कोणावर ओरडायचं नाही. पहिले दोन महिने मी टीव्ही नुसता आवाजासाठी लावून ठेवायचे. तुमच्यापैकी जे बाहेर गेले त्यांना हे सांगायला नको. जे तिथेच राहिले त्यांना वाटतं आम्ही मजेत होतो.

त्या टीव्हीवर एका संध्याकाळी आमच्या शहराची टीम दिसली. पगारी खेळाडू, सात-सात फुटांचे, चकचकीत लाकडी कोर्ट, आणि खेळ असा की अण्णांच्या बारावीच्या मुलींनी लाज आणली असती. त्या वर्षी ते इतक्या मॅचेस हरले की पेपरवाल्यांनी चिडायचंही सोडलं. टीमचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिचे चाहते आधीच पोळलेले आहेत, त्यांना आणखी कशाला छळा.

मी अण्णांना सगळं लिहून कळवलं. पेपरातली कात्रणं जोडली. अण्णांचं उत्तर एरोग्रामवर आलं, कडेकडेनेही लिहिलेलं. तब्येतीची एक ओळ, मंजूच्या शाळेतल्या नोकरीची एक ओळ, बाकी सगळी टीम. मी "इथली टीम" लिहिलेलं. त्यांनी उत्तरात "आपली टीम" केलं. माजिवड्याचा माझा राग त्या दोन शब्दांनी उतरला, खोटं कशाला बोलू.

मग तो नेमच झाला. इकडे सीझन नोव्हेंबरात सुरू होतो. दसऱ्याच्या सुमाराला अण्णांचं पत्र यायचं, वर लाल पेनाने "यंदाचा अंदाज". कोणाला बसवावं, कोणाला विकावं, कोच कुठे चुकतोय. कधीही न बघितलेल्या टीमचा एवढा अभ्यास! आणि शेवटी दर वर्षी एकच ओळ, "यंदा वर येणार." वर येणं म्हणजे चांगल्या टीम्सना सीझननंतर जी बाद फेरी खेळायला मिळते तिथवर पोचणं. आमची टीम पोचायची नाही. मार्चमध्ये माझं रडगाणं जायचं, आणि उत्तर यायचं, "पुढल्या वर्षी बघ."

तिसऱ्या वर्षी आम्ही व्हीसीआर घेतला. मी मॅचेस टेप करायला लागले, आणि कोणी मुंबईला निघालं की त्याच्या बॅगेत चार कॅसेट कोंबायचे. लोक वैतागायचे. "वहिनी, लोक चॉकलेटं पाठवतात हो!" मी ऐकायचे नाही. अण्णांनी शेजाऱ्यांकडून जुना व्हीसीआर मिळवला होता. मग त्यांची पत्रं बदलली. आता त्यात मॅचचं वर्णन यायला लागलं. "दुसऱ्या हाफमध्ये लोकांचा धीर सुटला, पण तुझा तो लंबू शेवटी उभा राहिला. छान." मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू. वाटायचं, मी आणि अण्णा एकाच बाकावर बसून मॅच बघतोय.

तीन वर्षं हे चाललं. एकदा नवीन कॅसेट आणायला गेले, तर दुकानदार देशी निघाला. सहज म्हटलं, वडिलांना पाठवते. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "दीदी, इधर का टेप उधर चलता ही नहीं. उधर के टीवी का सिस्टिम अलग है. आपको किसी ने बोला नहीं?"

मी घरी येऊन डोंबिवलीला फोन लावला. मंजूने उचलला. विचारलं, "त्या कॅसेट चालतात का गं?" ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून नाही चालत. नुसत्या मुंग्या. मध्येच तिरप्या पट्ट्या. आवाज येतो, पण जाडा, ओढल्यासारखा, कोणी झोपेत बोलतंय असा. अण्णा समोर कागदावर कोर्ट काढून बसतात. तुझी कात्रणं घेतात, आवाज ऐकतात आणि पेन्सिलीने खुणा करत जातात. लोक ओरडले की बास्केट झाली. अख्खी मॅच, ताई. उठत नाहीत."

तीन वर्षं मी माझ्या बापाला मुंग्या पाठवत होते! सुहास इंजिनिअर, त्याच्या लक्षात आलं नाही. कॅसेट नेणाऱ्या एकाच्याही लक्षात आलं नाही. आपण लोक बॅगेचं वजन काट्यावर बघतो, आत काय जातंय ते कोण बघतो. मंजूने अण्णांना फोन दिला आणि मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगितलं असतं तर पाठवायचं बंद केलं असतंस," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "आता कॅसेट नाही. आता तुम्हीच या. समोर बसून बघा."

ते इतक्या पटकन "येतो" म्हणाले की मला कसंतरीच झालं. इतकी वर्षं मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्यांना डोंबिवली मानवत नाही, ते इकडे कशाला येतील, असं मीच ठरवून टाकलेलं.

व्हिसाच्या खिडकीवर साहेबाने विचारलं, कशाला जाताय. अण्णांनी सांगितलं, "बास्केटबॉल बघायला." शेजारी उभ्या मंजूने कपाळावर हात मारला, झालं, आता मिळतोय व्हिसा. पण मिळाला. त्या साहेबाने म्हणे टीम कोणती तेही विचारलं, आणि ऐकून हसला.

आणि वर्षही काय निवडलं होतं! त्या उन्हाळ्यात आमच्या टीमने एक नवीन पोरगा घेतलेला. वीस-एकवीस वर्षांचा, लांब हातांचा, आणि बचाव करताना समोरच्याच्या कमरेवर नजर. मी सरावाचा खेळ बघून आले आणि अण्णांना लिहिलं, हा तुमचाच चेला आहे. सगळं शहर बोलायला लागलेलं, यंदा काहीतरी होणार. लायब्ररीत माझ्याबरोबर काम करणारी म्हातारी मार्गारेट, जी वीस वर्षं या टीमच्या नावाने बोटं मोडत आलेली, तीसुद्धा टोपी घालून यायला लागली. इतकी आशा मला माझ्या लग्नाच्या वेळीही वाटली नव्हती.

अण्णांचा "यंदाचा अंदाज" आला. "सीझनची पहिलीच मॅच बघू. नोव्हेंबरात येतो. हरली तरी चालेल."

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी त्यांना नको म्हणाले. कारण काय, तर नोव्हेंबरात टीम जमलेली नसते. नवीन पोरगा, नवीन कोच, पहिल्या दहा-बारा मॅचेस नुसता गोंधळ असतो. मी लिहिलं, "अण्णा, जानेवारीत या. तोवर टीम लयीत येईल. आयुष्यात एकदा बघणार, तर जिंकलेली मॅच बघा." मला त्यांना हरलेलं घर दाखवायचं नव्हतं, असं म्हणा हवं तर. सहा वर्षं मी ज्या गोष्टीचे गोडवे गायले ती त्यांच्यासमोर तोंडावर पडायला नको होती. सुहास म्हणालाही, "अगं, त्यांना येऊ दे की, मॅच काय, पुन्हा बघतील." मी म्हटलं, "तुला नाही कळायचं."

अण्णांचं उत्तर आलं. "बरं. जानेवारी. टीम तुझ्या जास्त ओळखीची."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंजूचा फोन आला. अण्णा दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. प्रॅक्टिसला निघायची वेळ टळली म्हणून ती हाक मारायला गेली, तेव्हा कळलं.

मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. मंजू तरी किती थांबणार. दारात मला बघून ती रडली नाही, आत गेली आणि कॉटखालून बॅग ओढून बाहेर काढली. "ऑक्टोबरातच भरून ठेवलेली," म्हणाली. "दोन स्वेटर, कानटोपी, पायमोजे. रोज उघडून बघायचे. मी म्हणायचे, अण्णा, जानेवारी लांब आहे अजून. तर म्हणायचे, असू दे."

मला वाटलं, आता ती बोलेल. नोव्हेंबरात बोलावलं असतंस तर, असं म्हणेल. मी वाटच बघत होते त्याची. तिने म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. तिने बॅग परत आत सारली आणि चहा टाकला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी नौपाड्याहून मुली आल्या. बारा-तेरा जणी, सगळ्या शाळा-कॉलेजातल्या, बूट बाहेर काढून बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्या. एकीलाही मी ओळखत नव्हते. त्या मात्र मला ओळखत होत्या. टीमचा एकेक खेळाडू त्यांना नावानिशी पाठ. अण्णा प्रॅक्टिस संपली की कोर्टावर खडूने आखून त्यांना त्या मॅचेस समजावायचे म्हणे, पेन्सिलीच्या खुणांवरून. एक उंच, काळीसावळी मुलगी जरा पुढे सरकली. तिने विचारलं, "ताई, सर बोललेले, यंदा तुमची टीम नक्की वर येणार. येणार ना?"

आदल्याच दिवशी सुहासने फोनवर सांगितलेलं. नवीन पोराचा गुडघा गेला होता. सीझन संपला त्याच्यापुरता. टीम ओळीने सात मॅचेस हरलेली.

"येणार," मी म्हटलं.

"बघ, बोललेले ना मी," ती शेजारणीला म्हणाली, आणि सगळ्या जणी तशा रडवेल्या तोंडानेच हसल्या. मला तेव्हा कळलं, खोटं इतकं सहज कसं बोलता येतं ते. अण्णा तीन वर्षं कसे बोलले असतील तेही कळलं.

जानेवारीतल्या त्या मॅचला मी गेले नाही. अण्णांसाठी काढून ठेवलेली तिकिटं मार्गारेटला देऊन टाकली. ती आणि तिची बहीण जाऊन आल्या, आणि मी न विचारताच तिने सांगितलं की हरले.

लोक विचारतात, आता घर कुठलं? इकडचे विचारतात, तिकडचेही विचारतात. मी पूर्वी लांबलचक उत्तर द्यायचे, ठाणे, डोंबिवली, इथलं घर, वगैरे. आता देत नाही. अण्णा गेल्यावर दोन वर्षांनी आमची टीम खरोखरच वर आली. सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये, शेवटच्या मिनिटाला, तेही एका गुणाने. शेजारीपाजारी रस्त्यावर येऊन ओरडत होते, गाड्यांचे भोंगे वाजत होते, सुहासने मला चक्क उचललं. आणि मी फोनकडे धावले, डोंबिवलीचा नंबर फिरवला. घंटा वाजायला लागल्यावर लक्षात आलं, आपण हे कोणाला सांगायला निघालोय. हरल्याचं मी कोणालाही सांगू शकते. मार्गारेटला, दुकानदाराला, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला. जिंकल्याचं सांगायला मला एकच घर होतं.

तिकडे सकाळ होती. मंजू शाळेला निघायच्या घाईत असणार. तिने फोन उचलला. मी म्हटलं, "काही नाही गं. सहज केलेला."

ती म्हणाली, "जिंकली ना?"

मला हो म्हणवेना.

"जिंकली," तीच म्हणाली. "रड आता. मी आहे फोनवर. शाळेला उशीर झाला तर होऊ दे."