टाकीवरचा दादरा

लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर फडक्याचा दादरा बांधताना मला अजून डिझेलचा वास येतो. माझ्या लग्नाआधी झरीला आमच्या अंगणात एक लांबलचक जुनी डिझेल गाडी होती. मागचं दार उघडलं की शेळ्या थेट आत चढायच्या, म्हणून वडिलांचा तिच्यावर जीव होता. बंद पडली तेव्हा त्यांनी ती घरीच खोलली, फिल्टर बदलला, पाइप धुतले. मी चावी फिरवली की ती लगेच सुरू व्हायची, आणि वेशीपर्यंत जाऊन धाप लागल्यासारखी थांबायची. एकदा ढकलत परत आणल्यावर वडील वैतागले. "लय झालं. उद्या भंगारात देऊन टाकतो." माय म्हणाली, "अवो, मग डिझेल तर काढून घ्या. तेबी कशाला द्यायलाव?" आणि तिनं टाकीचं तोंड सोडलं. झाकण हरवलं होतं, म्हणून धूळ जाऊ नये यासाठी तिनंच तिथं प्लास्टिकची पन्नी, वर फडकं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली होती, अगदी बरणीच्या दादऱ्यासारखी. गाठ सुटताच टाकीनं सूं करून हवा ओढली. वडील टाकीवर वाकून म्हणाले, "अगं, तिला श्वासाला जागा तर ठेवायची! हवा आत गेल्याबिगर डिझेल पुढं कसं येईल?" "तुमीच म्हणलाव घट्ट बांध," माय म्हणाली. पुढच्या बाजाराला गाडी शेळ्या घेऊन गेली, टाकीवर नुसतं फडकं होतं. माझी गाठ आता सैलच बसते. लोणच्याला बुरशी येते, सासूबाई बोलतात. माय आली की वरची बुरशी काढते आणि मुकाट्यानं खाते.