पाय पसरून बसलेली बाई

आमचे मालोजी सर महाडच्या कोर्टात कारकून होते आणि रविवारी आम्हा पोरांना नाटक शिकवत. शिकवत कसले, सोलून काढत. संवाद पाठ करून गेलं की म्हणायचे, "पोपट झालात. आता माणूस व्हा." हा माणूस घरात कुणाला भितो, जेवायला कुठे बसतो, हे सांगता आलं नाही तर त्या दिवशी तालीम नाही. मला भयंकर राग यायचा. तरी जायचे, कारण आमचं इतकं मन लावून दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली एकांकिका बसवली. त्यात एवढंच लिहिलेलं: नवरा मेला आहे, बाई भिंतीशी बसली आहे, रडत नाही. का रडत नाही? मी म्हटलं, "धक्का बसला असेल." सर म्हणाले, "धक्का सिनेमात बसतो, स्नेहल. अशी बाई गावात जाऊन बघा."

ती भूमिका रंजिताची. पोलादपूरच्या वरच्या धनगरवाडीतली ही पोर कॉलेजसाठी महाडला मामाकडे राहायची. तिची काकू अंबूबाई त्याच वर्षी विधवा झाली होती. नवरा दारू पिऊन मारायचा, तसाच एकदा दरीत पडून गेला. रंजिता घरी जाऊन बघून आली. म्हणाली, "सर, काका होता तेव्हा काकू कायम उकिडवी बसायची, कधी पळावं लागेल नेम नाही म्हणून. आता पाय पसरून बसते."

सर खूश झाले. "हेच घे," म्हणाले. एवढा हुशार माणूस, पण बघायला कोण येणार हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

प्रयोगाला अख्खी वाडी टेम्पो करून उतरली. आपली पोर दिसणार म्हणून बाया पुढेच बसल्या. आम्ही बाकीच्या गळा काढून रडत होतो, आणि रंजितानं भिंतीला पाठ टेकून हळूच एकेक पाय लांब केला. महाडकरांनी टाळ्या वाजवल्या. वाडीच्या बाया मात्र माना वळवून अंबूबाईकडे बघत होत्या.

आठवडाभरात खबर आली की सासू तिला घराबाहेर काढतेय. सर, रंजिता आणि मी वाडीवर चढून गेलो. सरांनी हात जोडले. "चंद्राबाई, ती नाटकातली बाई. मी रचलेली."

"माज्या पोराच्या मढ्याशी पाय पसरून बसली, ती तुमी रचली?" म्हातारी म्हणाली. "तिनंच ढकलला त्याला." रंजिता रडून रडून सांगत होती की मी मनानंच केलं. तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

अंबूबाई गाठोडं घेऊन बाहेर आली. माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं. सरांपुढे थांबली. आता ही थोबाडीत देणार असं मला वाटलं, आणि खरं सांगते, दिली असती तर मला बरंच वाटलं असतं.

"गुरुजी, पोरीनं खोटं काय नाय केलं," ती म्हणाली. "मी सुटलेच हुते. पन ऱ्हायचं मला हितंच हुतं."