मामी सांगाल तेवढंच करते

आमच्या करडीच्या मामीइतकी आज्ञाधारक बाई अख्ख्या भंडारा जिल्ह्यात झाली नाही, आणि तिच्या आज्ञाधारकपणानं जेवढी माणसं हैराण झाली तेवढी दुसऱ्या कुणाच्या बंडखोरीनंही झाली नसतील. मामी सांगाल ते करते. फक्त सांगाल तेवढंच करते. पाहुणा ओसरीवर टेकता टेकता "चहाबिहा काही नको" म्हणाला, की मामी "बरं" म्हणून समोर बसते आणि मनापासून गप्पा मारते. बिचारा चुलीच्या दिशेनं कान लावून तासभर वाट पाहतो. निघताना तोच पाहुणा "येतो मामी" म्हणाला, की ही त्याच्या हातातली पिशवी काढून घेते आणि म्हणते, "ये ना मग, जाऊन काहून राहिला?" एका गृहस्थाची भंडाऱ्याची शेवटची एसटी अशीच चुकली. मुक्कामाची वेळ आल्यावर त्यानं चहा मात्र स्पष्ट शब्दांत मागून घेतला.

मामा स्वभावानं शांत. पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत एकदा चिखलानं माखून घरी आले आणि कशावरून तरी भडकून म्हणाले, "माझ्या डोळ्यासमोर उभी राहू नको." मामी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. मामा वळले की तीही वळे. ते जेवायला बसले तेव्हा त्यांच्या खांद्यावरून हात घालून तिनं भात वाढला, वर वरण वाढलं. मी तेव्हा तिथंच होते, हसू दाबायला ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी मामांनीच शरणागती पत्करली. भिंतीकडे बघत म्हणाले, "समोर ये वं. तुझं तोंड पाहिल्याशिवाय भात गोड लागून नाही राहिला मले."

गाव तिला भोळी म्हणायचं. मी हे कधीच मान्य केलं नाही आणि आजही करणार नाही. माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाचे काका पानाला चुना लावत म्हणाले, "आमाले काही नको हो. तुमच्या पोरीच्या हौसेसाठी तुमाले जे द्यायचं असंल ते द्या." असं म्हटल्यावर मुलीच्या बापानं काय समजायचं असतं ते बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मामांचा चेहरा उतरलाही. तेवढ्यात मामी आतून आली, काकांना हात जोडले, असे सोयरे नशिबानं भेटतात म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत तिनं घरोघरी जाऊन मुलाकडचे काहीच घेत नाहीत म्हणून त्यांचं असं कौतुक केलं, की त्यांना मागे फिरायला वाटच उरली नाही. मामांनी तिला आत नेऊन विचारलं, त्यांच्या मनात काय होतं ते तुले समजलं नाही का? मामी म्हणाली, "मनातलं त्यांनी मनात ठेवलं. तोंडातलं मी आयकलं."

मग मामा गेले. काही आजारपण नाही, शेतातल्या बांधीवरून आले आणि खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. दहाव्याच्या दिवशी गावातल्या बायका अंगणात जमल्या. पुढे मामीच्या मोठ्या जाऊबाई होत्या. त्यांचा शब्द त्या घरात कुणी खाली पडू दिलेला नव्हता. आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. अशुभ शब्द तोंडून जाऊ नये म्हणून. तशाच हळू आवाजात जाऊबाई म्हणाल्या, "आता बांगड्या वाढव, बाई."

मामी उठून आत गेली. आम्हाला वाटलं, रडायला गेली. ती बाहेर आली ती पेटीतला डबा घेऊन. त्यात मामांनी भंडाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. आमच्यासमोर बसून, हाताचा पंजा आवळून, तिनं त्या एकेक करून आधीच्या बांगड्यांवर चढवल्या. अंगणात तेवढाच आवाज होता.

"वाढवल्या," मामी म्हणाली.

"वेड लागलं का तुले? वाढव म्हणजे..." जाऊबाई अडखळल्या.

"म्हणजे काय? फोड म्हणा. तोंडानं 'फोड' म्हणा, याच दगडावर फोडीन."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. जाऊबाईंनी बाकीच्या बायकांकडे पाहिलं, तर बाकीच्या आपापल्या मनगटांकडे बघत होत्या. तो एवढासा शब्द त्या अंगणात कुणालाच उच्चारता येईना. शेवटी जाऊबाईच उठल्या आणि खूप वेळ झाला, चला, म्हणाल्या.

पुढच्या संक्रांतीला जाऊबाईंच्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं मामीला आलं नाही. मामी गेली. दारातूनच तिनं साधेपणानं विचारलं की येऊ नको असं सांगितलं होतं का कोणी? सांगितलं नव्हतं. जाऊबाई कुंकवाचा करंडा घेऊन दारापर्यंत आल्या. त्यांनी मामीला कुंकू लावलं. थोडं वाकडं लागलं, पण लागलं. आता दोघी बाजाराला बरोबर जातात. जाऊबाई मात्र तिच्याशी एकेक शब्द निवडून बोलतात.

गेल्या महिन्यात मी करडीला गेले होते. दुपारी ओसरीवर मामी सुपात तांदूळ निवडत होती. इतक्या वर्षांत जे विचारायला मी धजले नव्हते ते त्या दिवशी विचारलं, "मामी, मामांची आठवण येते?"

"नाही," मामी म्हणाली.

सुपातले तांदूळ निवडून झाले होते. तिनं ते एकदा हलवले, आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले. मी तिच्याजवळ सरकले आणि तिच्याबरोबर खडे शोधू लागले.