सुमतीसाठी पाहिलेली म्हातारी

विश्राम सावंत ठाकुर्लीच्या वीजघरात स्विचबोर्डावर होता. दर तासाला मीटर बघायचे आणि आकडे वहीत उतरवायचे, हे त्याचं काम. १९५२ साली त्याची आठ महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी लंडनला निवड झाली, तेव्हा आईला, कमळाबाईंना, त्याच्या खाण्यापिण्याची काळजी लागली. धाकट्या बहिणीच्या, सुमतीच्या, मनात वेगळंच होतं.

सुमती एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. तिला ड्रॉइंग टीचरची परीक्षा द्यायची होती. पण त्यासाठी रोज मुंबईला जावं लागणार म्हटल्यावर त्र्यंबकमामांनी मोडता घातला होता, आणि वडील गेल्यापासून घरात मामांचाच शब्द चाले. शाळेतल्या मास्तरांनी तिला एक जुनं पुस्तक दिलं होतं. त्यात नामांकित चित्रांचे काळेपांढरे छाप होते. त्यातली बरीच चित्रं लंडनच्या मोठ्या संग्रहालयात आहेत आणि तिथे तिकीट लागत नाही, हे तिनं वाचून ठेवलं होतं.

"दादा, मला काही आणू नकोस," ती म्हणाली. "तेवढी चित्रं बघून ये."

पहिल्याच रविवारी विश्राम तिथे गेला. तिकिटाची खिडकी शोधत तो दारापाशी बराच वेळ घोटाळला. शेवटी पहारेकऱ्यानंच त्याला हातानं आत जायची खूण केली. तासाभरात त्यानं सगळी दालनं पालथी घातली आणि सगळं फार छान आहे, असं घरी कळवलं.

सुमतीचं उत्तर आलं ते चिडूनच. छान आहे हे मला डोंबिवलीत बसूनही कळतं, तिनं लिहिलं होतं. एकच चित्र बघ आणि नीट सांग.

मग त्यानं तिच्या पुस्तकातलंच एका म्हातारीचं चित्र निवडलं, कारण त्याच्यासमोर बसायला बाक होता. वीजघरातल्या सवयीनं त्यानं वहीत उतरवून घेतलं: डोक्याला पांढरा रुमाल, काळे कपडे, मागे अंधार. सुमतीनं उलट विचारलं, उजेड कुठून येतो? पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. उजेड डावीकडून येत होता. डोळ्यांच्या कडा लालसर होत्या, तेही त्याला त्या दिवशी दिसलं. दर पत्रात तिचे नवे प्रश्न येत, आणि त्यासाठी तो थंडीपावसात दोन बस बदलून जाई. बरोबरचे लोक त्याची थट्टा करत. तिसऱ्या महिन्यात तर त्याला स्वतःलाच त्या म्हातारीपुढे बसल्याशिवाय रविवार गेल्यासारखा वाटेना.

तो परत आला तेव्हा सुमतीनं ट्रंकेतून एक कागद काढला. पत्रांवरून आणि त्या धूसर छापावरून तिनं म्हातारी रंगवली होती. विश्राम कागद घेऊन खिडकीच्या उजेडात गेला. रुमालाची घडी चुकली होती, हात जरा मोठे झाले होते. पण ते दमलेले, ओलसर डोळे तेच होते.

त्याच आठवड्यात मामा नाशिकचं एक स्थळ घेऊन आले. विश्रामनं त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, सुमती आधी परीक्षेला बसेल. मी खरं चित्र पाहिलंय आणि हिनं काढलेलंही पाहिलंय. आता मला गप्प बसता येणार नाही."

मामांनी कमळाबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या, पण म्हणाल्या, "जाऊ दे तिला."

मामा दोन महिने घरी फिरकले नाहीत. सुमती मुंबईला जाऊ लागली. पहिल्या वर्षी ती भूमितीच्या पेपरात नापास झाली आणि दोन दिवस तिनं पेन्सिलीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कंपासपेटी घेऊन विश्रामसमोर येऊन बसली. यंत्रांचे नकाशे वाचणाऱ्या भावाकडून तिनं तो विषय शिकून घेतला. दुसऱ्या खेपेला ती पास झाली.

१९५६च्या जूनमध्ये कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत तिला नोकरी लागली. तिच्या वर्गात पेन्सिल लगेच उचलायची नाही, असा नियम होता. टेबलावर तांब्या नाहीतर कणीस ठेवून ती मुलींना दहा मिनिटं नुसतं बघायला लावी, आणि मग एकेकीला उठवून विचारी, "काय दिसलं?"