चोपन्नचा उंबरठा

पन्नास किलोत मी पहिली होते, हे पनवेलच्या आमच्या बॉक्सिंग क्लबात कुणीही सांगेल. कशी होते, ते मात्र कुणी सांगणार नाही. भर उन्हात रेनकोट घालून पळायचं, वजनाच्या आदल्या दिवशी पाण्याचा घोट घ्यायचा नाही, थुंकून थुंकून तोंड कोरडं करायचं. मग काटा पन्नासवर थांबला की सगळे टाळ्या वाजवणार. आई उरण नाक्यावर मासे विकते. दिवसभर लोकांच्या पिशव्या भरून ती घरी यायची आणि मी ताट सरकवलं की भडकायची. "सोताच्या पोटाला मारतेस, मंग दुसऱ्याला काय मारनार गो तू?"

एका स्पर्धेआधी मला जिन्यात चक्कर आली आणि त्याच दिवशी माझं ठरलं. मी पोटभर जेवायला लागले आणि चोपन्नमध्ये आले. चार किलो म्हणजे किती? आईच्या टोपलीतला एक बरा जिताडा. पण क्लबात असा गहजब झाला, जणू मी पळून जाऊन लग्न केलं होतं. "खाली राणी होतीस, वर कोण विचारणार तुला?" हे रोजचंच झालं. माझं डोकं फिरायचं. ज्यांनी मला चोपन्नमध्ये एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं, ते माझी जागा ठरवून मोकळे झाले होते.

आमच्याकडे एक पद्धत आहे, तिला सगळे 'उंबरठा' म्हणतात. वरच्या वजनात आलेल्याने त्या वजनातल्या प्रत्येकाशी एकेक राऊंड खेळायचा, मध्ये फक्त पाणी पिण्यापुरता दम घ्यायचा. सुरुवात सगळ्यात कच्च्या खेळाडूपासून, तगडा शेवटी. जिल्ह्याच्या निवडीला क्लबातून एका वजनात एकच मुलगी जाते. सरांनी आधीच बजावलं होतं, "उंबरठ्यावर पहिली आलीस तर चोपन्नमधून जा. नाहीतर मुकाट्याने पन्नासमध्ये परत ये. तिथे तुझी जागा पक्की आहे."

चोपन्नमध्ये चौघी होत्या. तगडी म्हणजे उलव्याहून येणारी मुलगी, लांब हातांची आणि डावखुरी. तिच्यापर्यंत पोचेतो कुणाचाही जीव मेटाकुटीला आलेला असायचा. तिथे हरलं की लोक म्हणायचे, दमली होती बिचारी. मला ते 'बिचारी' नको होतं. उंबरठ्याच्या दिवशी मी रिंगमध्ये चढले आणि म्हणाले, "सर, पहिला राऊंड तिच्याशी."

"पद्धत तशी नाहीये."

"दमलेली मी कशी खेळते ते सगळ्यांनी पन्नासमध्ये पाहिलंय. आता ताजी असताना बघा की."

उलव्याची उठली, हेडगार्ड चढवत म्हणाली, "येऊ दे ना सर." मला ती त्या क्षणी फार आवडली.

खोटं कशाला बोलू, राऊंड तिचाच होता. तिचा डावा हात मला शेवटपर्यंत दिसला नाही आणि त्याने माझा खालचा ओठ फाडला. पण पन्नासमध्ये शेवटच्या मिनिटाला माझे पाय लटपटायचे, तसे आज लटपटले नाहीत. मी पुढेच जात राहिले. एकदा तर ती दोरांना टेकली आणि तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग मी रक्त पुसलं आणि बाकीच्या तिघींशी खेळले. तिन्ही राऊंड माझे.

सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज मऊ होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "दुसरी आलीस. वाईट नाही. पण जिल्ह्याला तीच जाणार. तू आठवड्यात वजन उतरवशील. हातातलं पदक कशाला सोडतेस?"

"खाली मी पहिली होते सर, पण उपाशी होते. आता नाही उतरणार."

"मग यंदा घरी बसावं लागेल."

"बसेन. जेवून बसेन."

उलव्याची हाताची पट्टी सोडत सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे वळून म्हणाले, "तुझ्याशी परत खेळायचंय."

"कधी?"

"ओठ भरला की."