दुखत नसतानाचं ऑपरेशन

माझे मामा लिफ्ट दुरुस्त करतात. गल्लीत त्यांना सगळे ‘वरखाली’ म्हणतात आणि तेही त्या नावाला ओ देतात. मामी त्यांच्याच कंपनीत तक्रारींचे फोन घेते. लिफ्टमध्ये अडकून ओरडणाऱ्या माणसाला ती ज्या आवाजात शांत करते, तोच आवाज घरी भांडताना वापरते. मामा म्हणतात, “हिचा आवाज चढला तर भीती नाही. उतरला की समजावं, आपलं काही खरं नाही.”

सत्तावन्नाव्या वर्षी मामा बारीक होऊ लागले. पट्ट्याला नवी भोकं पडली. शेजारी म्हणायचे, “वरखाली, पुन्हा बोहल्यावर चढायचा विचार दिसतोय!” मामा खूश. मग कंपनीच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. घराण्यात कुणाला मधुमेह नाही, मामांना गोडाची आवड नाही. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई गोळ्या लिहिता लिहिता वजनाचा आकडा ऐकून थांबल्या.

“या वयात साखर पुष्कळांना होते. पण अचानक होते आणि सोबत माणूस वाळत जातो, तेव्हा स्वादुपिंड बघून घ्यावं. बहुतेक काही निघणार नाही.”

निघालं. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात छोटी गाठ दिसली. दुर्बिणीतून तिचा कण काढून तपासला, तेव्हा कॅन्सर ठरला. मोठ्या रुग्णालयातले सर्जन म्हणाले, “आमच्याकडे येईपर्यंत बहुतेकांना उशीर झालेला असतो. तुमची गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली नाही. आत्ता काढता येईल.” त्यांनी कागदावर चित्र काढलं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा काढायचा आणि उरलेलं पुन्हा जोडायचं.

घरी येऊन मामांनी चपला भिरकावल्या. “दुखत नाही, खुपत नाही, रोज कामावर जातोय. धडधाकट माणसाचं पोट कशाला फाडायचं? दुखायला लागलं की बघू.”

मामीचा आवाज उतरला. “अहो, ते कोपऱ्यावरच्या इमारतीवाले. लिफ्टच्या दोराच्या तारा तुटायला लागल्यात, असं तुम्ही त्यांना लिहून दिलं होतंत ना? परवा फोनवर म्हणाले, चालतेय ना अजून, बंद पडली की बदलू.”

“मूर्ख आहेत लेकाचे.”

मामी भाजी चिरत राहिली.

“बोल ना पुढे.”

“पुढे मी काय बोलू? तुम्हीच बोललात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मामीच्या आधी तयार होऊन दाराशी उभे राहिले. सर्जनसमोर बसताच त्यांनी विचारलं, “अशी ऑपरेशनं तुम्ही किती करता?”

“अहो, असं विचारतात का!” मामी ओशाळली.

“विचारायलाच हवं,” सर्जन हसले. “आठवड्याला एखादं तरी होतं. ज्यांचा हात यात बसलेला आहे, त्यांच्याकडूनच हे करून घ्यावं.” जोड गळण्याचा धोका असतो, तोही त्यांनी लपवला नाही.

ऑपरेशनआधी फुप्फुसं बळकट करायला चालायला सांगितलं होतं. मामा सगळीकडे जिन्याने जाऊ लागले. “लिफ्टवालाच जिन्याने? मग आम्ही काय समजायचं?” लोक विचारायचे. “समजा की तुमच्यासाठी लिफ्ट रिकामी ठेवलीय,” मामा धापा टाकत म्हणायचे.

ऑपरेशन दिवसभर चाललं. मामी बाहेरच्या बाकावर बसून होती. मध्येच उठून तिने पहारेकऱ्याला बजावलं, “या लिफ्टचं दार घासतंय. कळवा कुणाला तरी.” आणि पुन्हा बसली.

जोड थोडा गळलाच. गळलेलं बाहेर काढणारी पोटातली नळी ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहिली. मामा नळ्या सावरत वॉर्डात फेऱ्या मारायचे. नर्स ओरडायची, “काका, हळू! मागून गाडी येत नाहीये.”

मग काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल आला.

“गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत,” सर्जन म्हणाले. “पण जवळच्या एका लसिकाग्रंथीत कॅन्सरचे कण सापडलेत. सहा महिने केमो घ्यावी लागेल.”

मामांनी भिंतीकडे पाहिलं. मामी त्यांच्याकडे.

“कधीपासून?” मामांनी विचारलं.

“जखम भरू दे. थोडं वजन वाढू दे.”

“ऐकलंत ना? वजन.” मामीने सूपचा वाडगा पुढे सरकवला.

मामांनी अन्न पचावं म्हणून दिलेली कॅप्सूल गिळली, चमचा उचलला आणि नाक मुरडत, एकेक घोट घेत सूप प्यायला सुरुवात केली.