गाळून उकळलेलं पाणी

हातमोजे घातलेले दोन्ही हात खांद्यापर्यंत वर धरून ती बाहेरून ओरडायची, "आक्का, दार उघडा की!" बेळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत सामान मागवणं हे माझं काम. दार उघडणं कधी माझ्याकडे आलं, कळलं नाही. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल.

ती सदलग्याची, जैन शेतकरी घरातली. निपाणीच्या कॉलेजात शिकवायची. पीएचडीसाठी रजा काढून आलेली. मूलपेशीची चेतापेशी होताना छोटे आरएनए काय करतात, हा तिचा विषय.

"काय करतात गं ते एवढेसे?" मी एकदा विचारलं.

"बाकीच्यांना गप्प बसवत्यात, आक्का. मग पेशीला वाट सापडत्या."

"आमच्या सरांसारखे."

"सर कुठलं? तुम्हीच बसवताय की सगळ्यांना!"

शेवटच्या वर्षी तिच्या पेशी बदलेनात. आरएनए दिला तरी गोल त्या गोलच. रजेचे दोन महिने उरलेले. सर म्हणाले, "परिणाम नाही असं लिहा आणि मोकळ्या व्हा." ती लिहायला बसलीसुद्धा.

जेवताना ती घरून आणलेलंच पाणी प्यायची. मी चिडवलं, "आमच्या पाण्यावर विश्वास न्हाय व्हय?"

"गाळून उकळलं की त्यात काय राहत न्हाय, आक्का," ती म्हणाली, आणि तिचा घास हातातच राहिला.

आरएनएसाठी लागणारं खास पाणी मध्यंतरी संपलं होतं. तेव्हा तिने साधं पाणी दोनदा गाळून, उकळून वापरलं होतं. आपल्या हातांच्या घामात आरएनए तोडणारं एक द्रव्य असतं, ते साध्या पाण्यातही उतरलेलं असतं. ते उकळून नष्ट होत नाही. हे ती वर्गात शिकवायची. हात मात्र घरच्या सवयीने चालला.

तिने लिहिलेली पानं फाडली आणि सरांना सांगितलं, "चूक माझी." पाणी संपलं ते मी मागणी उशिरा पाठवल्यामुळे, हे ती बोलली नाही. मग मीच जाऊन बोलले.

नवं पाणी आलं, प्रयोग पहिल्यापासून सुरू झाला. रजा वाढवून मिळाली नाही. शनिवारी तिने पेशींना शेवटचा आरएनए दिला, आणि सोमवारी ती निपाणीत हजर झाली.

गुरुवारी मी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. आरएनए न दिलेल्या पेशी गोलच होत्या. तिच्या पेशींना लांब तंतू फुटून ते एकमेकींपर्यंत पोचले होते.

फोन लावला. उचलला नाही. तास चालू असणार.

पुन्हा लावला.